हेगेसोची खुर्ची

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात मी गेले ती एका खुर्चीसाठी. ती लाकडी खुर्ची तिथे नाही हे मला ठाऊक होतं. ती जगात कुठेच उरलेली नाही. ग्रीसच्या मातीत संगमरवर टिकतो, ब्राँझ हिरवं पडून टिकतं, मातीची भांडी तुकड्यातुकड्यांनी का होईना टिकतात. लाकूड मात्र कुजून जातं. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या बायका ज्या खुर्च्यांवर बसल्या, ज्यांवर बसून त्यांनी लोकर कातली, पोरं मांडीवर घेतली, त्या सगळ्या मातीत गेल्या. मागे राहिली ती त्यांची चित्रं, भांड्यांवर रेखलेली आणि थडग्यांच्या दगडांवर कोरलेली.

त्यातला मला सर्वांत प्रिय दगड हेगेसोचा. केरामेइकोसच्या प्राचीन दफनभूमीत तो १८७० साली सापडला. तिथे आता त्याची प्रतिकृती उभी आहे आणि मूळ दगड संग्रहालयात. काळ इसवी सनापूर्वी ४१० ते ४०० च्या आसपासचा, उंची सुमारे दीड मीटर. माथ्यावर नाव कोरलंय: हेगेसो, प्रोक्सेनोसची मुलगी. ती खुर्चीवर बसली आहे, पावलं एका बुटक्या पाटावर टेकली आहेत. समोर दासी उघडी पेटी धरून उभी आहे आणि हेगेसोनं त्यातून एक दागिना उचलला आहे. हा दागिना कोरलेला नव्हता, रंगानं काढलेला होता, आणि रंग कधीच उडून गेला. त्यामुळे आज ती बोटांच्या चिमटीतल्या रिकाम्या जागेकडे मान झुकवून पाहत बसली आहे. सणाच्या आदल्या दिवशी दागिन्यांचा डबा काढून बसलेली कुठल्याही घरातली बाई अशीच दिसते. मेलेल्या मुलीची आठवण ठेवताना तिच्या माणसांना हा क्षण निवडावासा वाटला, घरातला, साधा, खुर्चीवर बसलेला.

मी मात्र त्या चिमटीपेक्षा खुर्चीच्या पायाकडे जास्त वेळ पाहत होते. पुण्यात मी फर्निचर बनवते. आमच्या घरात तीन पिढ्या रंधा आणि पटाशी चालली आहे. त्यामुळे कुठेही गेले तरी माझी नजर आधी सांध्यावर जाते. या खुर्चीला क्लिस्मोस म्हणतात. तिचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे असा बाक घेत जमिनीला टेकतात, तलवारीच्या पात्यासारखे. मागच्या पायांचाच बाक जणू वर चढत जाऊन पाठ होतो आणि खांद्याच्या उंचीवर एक रुंद, आतून वळलेली फळी पाठीला कवेत घेते. खाली पायांना पायांशी जोडणारा एकही आडवा दांडा नाही.

सुताराला हे पाहून धडकी भरावी. बाकदार पाय सरळ फळीतून करवतीनं कापून काढला तर बाकाच्या जागी लाकडाचे तंतू आडवे कापले जातात, आणि अंगाचा भार आला की पाय तिथेच कडकन मोडतो. शिवाय बसणाऱ्याचं वजन या पायांना सतत बाहेर ढकलत असतं. म्हणजे बाक लाकडाच्या अंगातच असायला हवा: वाफ देऊन वाकवलेला, नाही तर झाडावरच तसा वाढलेला. ग्रीक सुतार नेमकं काय करत यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला माझे आजोबा आठवले. नांगरासाठी ते बाभूळ पाहायला जात तेव्हा सरळ खोडाकडे ढुंकूनही बघत नसत. हवा तसा बाक घेतलेली फांदी दिसेपर्यंत बांधाबांधानं फिरत, आणि दिसली की तिच्यावरून हात फिरवून म्हणत, हा नांगर झाडावरच तयार आहे. हेगेसोच्या खुर्चीचा पाय पाहताना मला वाटलं, अथेन्सबाहेरच्या एखाद्या टेकडीवर असाच एक माणूस झाडं न्याहाळत फिरला असेल.

ही खुर्ची पुन्हा उभी करण्याचे प्रयत्न झाले आहेत. १७९० च्या दशकात पॅरिसमध्ये झाले, कोपनहेगनमध्येही झाले. पण ज्याच्या प्रयत्नानं मला अथेन्सला आणलं तो माणूस विसाव्या शतकातला. टेरेन्स हॅरॉल्ड रॉब्सजॉन-गिबिंग्ज, जन्म इंग्लंडमध्ये १९०५ साली, नाव कमावलं अमेरिकेत. ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रीक भांड्यांवर त्यानं या खुर्च्या पाहिल्या आणि त्या त्याच्या मनातून गेल्याच नाहीत. लॉस एंजेलिसमधल्या कासा एन्कांतादा या बंगल्यासाठी त्यानं १९३० च्या दशकात फर्निचर केलं तेव्हाही ग्रीक आकार त्यात डोकावत होते. मग १९६० साली अथेन्समध्ये त्याची गाठ एलेफ्थेरिओस आणि सुझन सारिदिस या दांपत्याशी पडली. सारिदिस यांचा फर्निचरचा कारखाना १८६७ पासूनचा, म्हणजे हात तयार होते. १९६१ मध्ये भांड्यांवरचं आणि दगडांवरचं फर्निचर त्यांनी अक्रोडाच्या लाकडात उतरवलं: क्लिस्मोस, दिफ्रोस हे चार पायांचं बिनपाठीचं आसन, दिवाणासारखी क्लिनी, तीन पायांची मेजं. बैठकीला चामड्याच्या पट्ट्यांची वीण. १९६३ मध्ये कार्लटन पुलिनबरोबर त्याचं प्राचीन ग्रीक फर्निचरवरचं पुस्तक आलं. पुढे तो अथेन्समध्येच राहायला आला आणि १९७६ मध्ये तिथेच वारला.

त्या खुर्चीवर बसायचा योग मला आला तो एका वयस्क जोडप्याच्या घरी, अ‍ॅक्रोपोलिसपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. खुर्ची त्यांनी लग्नानंतर काही वर्षांनी घेतलेली. अक्रोड काळपट तांबूस झाला होता आणि बैठकीचं चामडं मधोमध थोडं खोलगट. मी बसले आणि पहिल्यांदा जाणवलं ते हे की बैठकीच्या मागे कंबरेला आधार असा काहीच नाही; वरची फळी फक्त खांद्यांना धरते. म्हणून अंग सैल सोडून घसरता येत नाही. पण सहज अंग वळवलं तेव्हा कोपर आपोआप फळीवर गेलं, हात मागे लोंबला आणि शरीर तिरकं होऊन निवांत झालं. भांड्यांवरच्या किती तरी बायका अगदी अशाच बसल्या आहेत! चित्रकारांची ती शैली असावी असं मी समजत होते. ती शैली नव्हती. ही खुर्ची माणसाला तशीच बसवते. समोर नाही, शेजारच्या बाईकडे वळून. गप्पा मारायची खुर्ची आहे ती. लाकूड कुजलं तरी ते बसणं चित्रात शिल्लक राहिलं, आणि चित्रावरून लाकूड परत केल्यावर ते बसणंही परत आलं. त्या घरातून निघताना माझं अंग शहारलेलं होतं.

आजच्या अथेन्समध्ये फर्निचर करणारी तरुण पिढी या वारशाचं काय करते ते मला पाहायचं होतं. पायरियस बंदरातल्या जुन्या गोदामांच्या भागात आता कलादालनं आली आहेत. बैरूतमध्ये सुरू झालेली कारवान ही डिझाइनची गॅलरी २०२० मध्ये इथे आली. अथेन्स आणि न्यूयॉर्क अशा दोन्हीकडे काम करणाऱ्या एलेनी पेतालोती आणि लिओनिदास त्राम्पूकिस यांच्या ‘ऑब्जेक्ट्स ऑफ कॉमन इंटरेस्ट’ या स्टुडिओची कामं मी बरीच वर्षं पाहत आले आहे. संगमरवरापासून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकपर्यंत सगळं ते हाताळतात, २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या नोगुची म्युझियममध्येही त्यांचं प्रदर्शन झालं. त्यांच्या वस्तूंवर ग्रीक नक्षी शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. दगडाचं वजन आणि त्यावर पडणारा उजेड यांच्याशी त्यांचं बोलणं चालू असतं, आणि मला ते खरं वाटतं. याउलट पर्यटकांच्या गल्ल्यांत खुर्च्यांच्या पाठीवर नागमोडी ग्रीक पट्टी कोरून ठेवलेली पाहिली की जीव कळवळतो. पट्टी काय, कशावरही कोरता येते. बसायचं कसं हे तिला माहीत नसतं.

माझी खरी वाटाड्या झाली ती पायरियसमधलीच एक तिशीतली मुलगी. एकटीची कार्यशाळा, दोन बाकं, एक पट्टीकरवत, भिंतीला टांगलेल्या पटाश्या. तिचं नाव इथे लिहिणार नाही; ते तिचं तिला मिळवू दे. पहिल्याच भेटीत तिनं मला शब्द शिकवले. ‘‘ग्रीकमध्ये त्रापेझी म्हणजे टेबल,’’ ती म्हणाली, ‘‘आणि मी तुला त्रापेझी करते म्हणजे मी तुला जेवायला बोलावते. आणि त्रापेझा म्हणजे बँक. सराफ पूर्वी मेज मांडून बसायचे ना, म्हणून.’’ मग तिनं एक स्टूल पुढे ओढलं. ऑलिव्हचं लाकूड, तीन पाय, वरचा पाट गोल, आणि पाटात पटाशीनं कोरलेले तीन उथळ खळगे: एक मोठा, एक मधला, एक लहान.

‘‘केरासमा,’’ ती म्हणाली.

केरासमा म्हणजे पाहुण्यापुढे ठेवायचं ते. ग्रीक घरी दारात आलेल्या माणसाला आधी तबकातून एक छोटी बशी मिळते. तिच्यात पाकातलं फळ, आंबट चेरी, बर्गामोट, कोवळं अंजीर, जे त्या घरी मुरवलेलं असेल ते, चमचाभर. म्हणून त्याचं नावच चमच्याचं गोड. सोबत थंड पाण्याचा पेला, आणि मग ब्रीकी या छोट्या भांड्यात उकळलेली कॉफी. मी तिला आमच्याकडचं गूळपाणी सांगितलं, उन्हातून आलेल्या माणसाला आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, मग खुशाली. ती टाळी वाजवून हसली. तिचं म्हणणं असं होतं की बशी, पेला आणि कप या तीन वस्तू ग्रीक घरात इतक्या ठरलेल्या आहेत की त्यांच्यासाठी लाकडातच जागा असायला हवी. पाहुणा आला की स्टूल उचलून त्याच्यापुढे ठेवायचं, तेच तबक आणि तेच मेज.

मला कल्पना आवडली, खळगे आवडले नाहीत. मी तिला तसं सांगितलं. खळगा कोरला की वस्तू एकाच जागी बसते, माणसाच्या हाताला निवड राहत नाही, आणि पुसायला कोपरे अडचणीचे. आमच्या देवघरातल्या चौरंगाला कडेनं नुसती बोटभर कड असते. आत तुम्ही काय कुठे ठेवता ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘‘तुम्ही माझ्या आजीला भेटा. ती स्किरोसला असते. पण त्याआधी पुन्हा संग्रहालयात जा आणि एपिनेट्रॉन बघा.’’

मी गेले. एपिनेट्रॉन ही मातीची भाजलेली वस्तू, पन्हाळीच्या कौलासारखी अर्धगोल, एका टोकाला बंद. बाई बसून लोकरीचे पेळू वळत असे तेव्हा ही मांडीवर, गुडघ्यापर्यंत ओढून घेई. वरचा भाग खवल्याखवल्यांचा, म्हणजे लोकर घासायला खरखरीत. गुडघ्याची टोपी म्हणावी तसं बंद टोक. एरेत्रियाला सापडलेलं एक एपिनेट्रॉन या संग्रहालयात आहे, इसवी सनापूर्वी ४२५ च्या सुमाराचं, अतिशय नाजूक चित्रांचं. एका बाजूला नवी नवरी आल्केस्टिस शयनगृहातल्या पलंगाला रेलून उभी आहे आणि भोवती मैत्रिणी फुलदाण्या सजवत आहेत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येत, त्या प्रसंगाचं हे चित्र मानतात. काचेपुढे उभी राहून मी मनातल्या मनात ते मांडीवर घेतलं आणि एकदम उमगलं: हे घेऊन उंच खुर्चीवर बसता येणार नाही. मांडी थोडी वर चढलेली हवी, पाऊल टेकलेलं किंवा पाटावर उचललेलं हवं. हेगेसोच्या पायाखालचा तो पाट मी शोभेचा समजले होते. आसन, पाट, मांडी आणि ही मातीची पन्हाळ, सगळं मिळून एक अवजार आहे. ओडिसीमध्ये पेनेलोपीच्या आसनाचं वर्णन येतं त्यातही पाय टेकायचा पाट आसनालाच जोडलेला आहे. हस्तिदंत आणि चांदीनं मढवलेलं ते आसन करणाऱ्या कारागिराचं नावसुद्धा दिलंय, इक्मालिओस. एका खुर्चीवाल्याचं नाव इतकी शतकं टिकलं याचं मला फार सुख वाटलं.

स्किरोसला निघायच्या आदल्या दिवशी ती मुलगी मला एका खुर्च्या विणणाऱ्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेली. ग्रीसमधली कॉफीहाऊसची खुर्ची सगळ्यांनी पाहिलेली असते, निदान चित्रात: साधा लाकडी सांगाडा, वर गवताची बैठक. त्या बैठकीला प्साथा म्हणतात. माणूस गल्लीतच बसला होता, पायाशी पाण्याची बादली, बादलीत भिजत घातलेली पाणकणसाची पाती. दोन-तीन पाती एकत्र घेऊन तो अंगठ्यानं पीळ देई, पिळाची दोरी पुढच्या दांड्यावरून खाली, आतून वर, मग बाजूच्या दांड्यावरून, आणि पुढच्या कोपऱ्याकडे. पीळ फक्त वरच्या, दिसणाऱ्या भागाला; खालच्या बाजूला पाती सैलच. चार कोपऱ्यांतून चार त्रिकोण वाढत येतात आणि मध्यावर मिळतात. मधल्या पोकळीत तो तुटक्या पात्यांचा चुरा एका बोथट लाकडी पट्टीनं ठासत होता, म्हणजे बैठक फुगीर होते आणि दांड्याच्या धारेवर दोर कातरत नाही. बोलणं जवळजवळ नव्हतंच. मी त्याला खुणेनं विचारलं, मी एक पीळ देऊ? त्यानं पाती माझ्या हातात दिली. माझा पीळ उलटा पडला. त्यानं तो सोडवला, माझा अंगठा धरून दिशा दाखवली, आणि मग सहा वेढे मी घातले. ते वेढे आता अथेन्समधल्या कुठल्या तरी खुर्चीत आहेत.

त्याच दिवशी संध्याकाळी फिलोपापूच्या टेकडीकडे जाणाऱ्या वाटेवरून चालले. ही फरसबंदी दिमित्रिस पिकिओनिस या वास्तुकारानं १९५४ ते १९५७ या काळात केली. अथेन्समधली जुनी घरं पाडली जात होती, त्यांचे संगमरवरी उंबरे, कठड्यांचे तुकडे, चौकटींचे दगड गोळा करून त्यानं गवंड्यांबरोबर एकेक जुळवत वाट रचली. कुणाच्या तरी उंबऱ्यावरून आपण चालत असतो. मी चप्पल काढून थोडं अंतर चालले.

स्किरोस हे एजियन समुद्रातलं, स्पोराडेस द्वीपसमूहातलं बेट. एव्हिया बेटावरच्या किमी बंदरातून बोट निघते आणि पावणेदोन तासांत लिनारियाला लागते. बोट धक्क्याला येत असताना किनाऱ्यावरच्या एका बारमधून रिचर्ड स्ट्राउसचं भव्य संगीत मोठ्यानं लावतात, आणि आख्खी बोट कठड्याशी येऊन ऐकत उभी राहते. तिथून गाडीनं होरा, म्हणजे मुख्य गाव. डोंगराच्या उतारावर पांढरी चौकोनी घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी. गाडी आत जात नाही. मुलीनं स्टूल एका चादरीत गुंडाळून पाठीवर बांधलं होतं, गल्लीतली माणसं थांबून विचारत होती आणि ती उत्तरं देत चढत होती.

स्किरोसचं जुनं घर म्हणजे एकच खोली, पण त्या खोलीत एक अख्खं जग लावलेलं. मागच्या भागात कोरीव लाकडी कठडा, त्याला बुल्मेस म्हणतात; त्याच्यावर माळा, झोपायचा. कोपऱ्यात चूल. भिंती जमिनीपासून आढ्यापर्यंत चिनी मातीच्या आणि तांब्याच्या थाळ्यांनी भरलेल्या. बेटावर थाळ्या समुद्रावरून आल्या, खलाशांकडून, व्यापाऱ्यांकडून, आणि लग्न होऊन जाणाऱ्या मुलींबरोबर घराघरात गेल्या. आणि या सगळ्यात लाकडी कोरीव खुर्च्या, पण इतक्या बुटक्या की पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या मुलांच्या वाटतात. नाहीत. मोठ्या माणसांच्याच आहेत. पाठीवर दोन तोंडांचा गरुड, पक्षी, फुलांची कुंडी, जहाज. आंगेलिकी हाजीमिहाली या अभ्यासक बाईंनी १९२५ मध्येच या बेटाच्या लोककलेवर पुस्तक लिहिलं आणि स्किरोसचं लाकूडकाम साऱ्या ग्रीसला दाखवलं. गावातल्या फाल्ताइत्स संग्रहालयात जुने नमुने आहेत. दुसऱ्या दिवशी मी तिथे अर्धा दिवस होते, पण खरं सांगायचं तर जे पाहायचं ते आजीच्या खोलीत आधीच पाहून झालं होतं.

आजी दारातच उभी होती, काळ्या कपड्यांत, कंबरेत थोडी वाकलेली. दाराच्या चौकटीवर, वरच्या पट्टीला मधोमध काजळीचा एक क्रूस होता. ईस्टरच्या मध्यरात्री चर्चमधून पेटती मेणबत्ती विझू न देता घरी आणायची आणि तिच्या धुरानं चौकटीवर क्रूस काढायचा. यंदाचा ताजा काळा होता, त्याच्याखाली मागच्या वर्षांचे पुसट. मी चौकटीला हात लावला नाही, पण तिच्या लाकडाकडे बराच वेळ पाहत राहिले. आमच्या घरी उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं उठतात ती आठवली.

आत खोलीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात एक छोटी लाकडी फळी, तिच्यावर मारियेची आणि संतांची चित्रं, पुढे तेलाची कांदीली मंद जळत होती. चित्रांच्या शेजारी एक लाल रंगवलेलं अंडं. ईस्टरला रंगवलेलं पहिलं अंडं मारियेचं, ते वर्षभर तिथेच राहतं. फळीची पुढची कड तेलानं काळी आणि गुळगुळीत झाली होती. रोज दिवेलागणीला त्याच जागी हात टेकून वात सारायची, म्हणून तिथे अंगठ्याएवढी खोलगट जागा पडली होती. पटाशीनं कुणी कोरलेली नव्हती ती. मी मुलीकडे पाहिलं. तीही तेच पाहत होती, बहुधा लहानपणापासून पाहत आली होती, पण आज आमच्या वादानंतर वेगळ्या डोळ्यांनी.

आजीनं मला हाताला धरून चुलीजवळच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. गुडघे छातीच्या दिशेनं वर आले, तळवे सपाट टेकले, पाठ कोरीव फळीला लागली. पाटावर बसल्यासारखंच, फक्त पाठीला आधार असलेला पाट. औक्षणाला बसताना अंग जसं आपोआप सावरून, लहान होऊन बसतं तसं. आजी समोरच्या खुर्चीवर बसली तेव्हा आमचे डोळे एका रेषेत होते आणि हात एकमेकींच्या हाताला सहज लागत होते. इतक्या जवळ बसून परकेपणा धरून ठेवणं अवघड आहे. तिनं मला विचारलं, आई आहे का, मुलं किती, तुझ्याकडे लाकूड कुठलं. सागवान म्हटल्यावर तिला ते समजावून सांगायला मुलीला वेळ लागला. मग आजीच म्हणाली, जहाजाचं लाकूड ना! तिच्या नवऱ्यानं बंदरात पाहिलेलं होतं.

मुलीनं चादर सोडली आणि स्टूल आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं. ऑलिव्हच्या लाकडातल्या गडद रेघा चुलीच्या उजेडात ओल्या दिसत होत्या. आजीनं पाटावर दोन्ही तळवे ठेवून गोल फिरवले, कड चाचपली, खाली वाकून पायाचं कुसू कुठे बाहेर आलंय ते बोटानं पाहिलं, पाचर घट्ट आहे का ते नखानं. ही बाई लाकूड ओळखते हे मला तेव्हाच कळलं. मग तिनं नातीचे हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाली, या स्ता हेरिया सू. तुझ्या हातांना आरोग्य लाभो. स्वयंपाक करणाऱ्याला, विणणाऱ्याला, सुताराला, हातानं काही चांगलं करणाऱ्या कुणालाही ग्रीक माणूस हेच म्हणतो. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर केरासमा झालं. आजीनं कपाटातून आंबट चेरीची बरणी काढली, बशीत चमचाभर वाढलं, रांजणातलं पाणी पेल्यात भरलं, कॉफी चढवली. बशी आणून मोठ्या खळग्यात ठेवली, ती बरोबर बसली. कप लहान खळग्यात बसला. पाण्याचा पेला मात्र बसेना. आजीचा पेला जुना, जाड बुडाचा, रुंद. खळगा अथेन्समधल्या नव्या, निमुळत्या पेल्याच्या मापाचा. आजीनं एकदा प्रयत्न केला, पेला तिरका झाला, पाणी थोडं सांडलं. कपाटात दुसरे पेले होते, ते काढायचं तिच्या मनातही आलं नाही. खळग्याच्या शेजारी, मोकळ्या सपाट लाकडावर, माझ्या उजव्या हाताला सोपं पडेल अशा जागी तिनं तो पेला ठेवून दिला आणि चेरीकडे बोट दाखवून मला म्हणाली, खा.

मी खाल्लं. गोडाच्या मागून आलेला आंबटपणा, मग गार पाणी. पेला उचलला तेव्हा ऑलिव्हच्या लाकडावर त्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ उमटलं होतं, पूर्ण, स्वच्छ रेघेचं, खळग्यापासून दोन बोटं उजवीकडे. मुलगी पुढे सरकली, कानामागची पेन्सिल काढली आणि ते वाळायच्या आत त्याच्या कडेनं रेघ ओढायला लागली.